शाळेचा पाठ आणि सकाळची भाकर

(हा पाठ उपदेशकांनी व शिक्षकांनी पालकांच्या बैठकीत वाचून दाखवावा. एका बैठकीत तो पुरा न झाल्यास दोन बैठकींत घ्यावा. शेवटी दिलेले प्रश्न विचारून श्रोत्यांकडूनच उत्तरे काढावी.)

वाचकहो, आपल्या खेड्यापाड्यांत एखादे मूल शाळेत मागे पडले म्हणजे त्याच्याविषयी एक निकाल फार लवकर दिला जातो. “हे मूल मठ्ठ आहे, याच्या डोक्यात काही शिरत नाही,” असे गुरुजी म्हणतात, बाप ते ऐकतो, आई ते ऐकते, आणि सर्वांत वाईट गोष्ट ही की, मूलही ते ऐकते. पुढे दोन-तीन वर्षांत पाटीदप्तर सुटते आणि हाती कोयता किंवा गुरांचा दोर येतो. एवढा मोठा निकाल देण्यापूर्वी एक लहानसा प्रश्न विचारावयास हवा होता, तो बहुधा कोणीच विचारलेला नसतो. तो प्रश्न हा की, हे मूल सकाळी काय खाऊन शाळेत आले?

आजच्या पाठात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मुलांच्या खाण्याचा त्यांच्या लक्षाशी व शिकण्याशी काय संबंध आहे, शास्त्राने त्याविषयी काय शोधून काढले आहे, आणि गरिबाच्या घरी यासाठी काय करता येईल, हे आपण क्रमाने पाहू.

१. ऊसाच्या वस्तीची सकाळ

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात अंकुशनगर म्हणून एक वस्ती आहे. समर्थ सहकारी साखर कारखाना येथे असल्यामुळे ती नावारूपास आली. तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी वाहते, आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा या मुलखातून गेलेला आहे. त्यामुळे ज्या काळ्या रानात पूर्वी ज्वारी, बाजरी व तूर पिकत असे, तेथे आता पुष्कळ ठिकाणी ऊस उभा असतो.

गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. त्या काळात मराठवाड्यातील साखर कारखान्यांवर ऊसतोडीची कुटुंबे येतात. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको जोडीने कामास लागतात. अशा जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. राहावयास पाचटाची किंवा ताडपत्रीची कोप. पहाटे अंधारातच फडावर जावयाचे, म्हणून चूल त्याहूनही आधी पेटते. भाकरी थापावयाच्या, फडक्यात बांधावयाच्या आणि निघावयाचे. लेकरू जागे होते तेव्हा आईबाप पुष्कळदा निघून गेलेले असतात. थोरली मुलगी धाकट्या भावंडास सांभाळते. टोपलीत भाकर राहिली असेल तर ती, नाही तर रात्रीचे उरलेले, आणि तेही नसेल तर कोरा चहा, ही त्यांची न्याहारी होय.

ज्यांची घरे कायम आहेत त्यांची गोष्ट फारशी निराळी असते असे समजू नये. शेतात जाणाऱ्या आईच्या घरी, कारखान्यावर पाळीने कामास जाणाऱ्या बापाच्या घरी, सकाळी मुलाच्या हाती चहाचा पेला आणि दोन-चार बिस्किटे किंवा खारी-टोस्ट येतो. मुलाने काहीतरी खाल्ले, असे समाधान घरच्यांस वाटते. ते समाधान खरे आहे की खोटे, हे पुढे दिसून येईल.

२. मेंदूस अन्न कशासाठी लागते

शरीराचा प्रत्येक अवयव अन्नावर चालतो, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. बैलास चारा न घालता औतास जुंपणारा मनुष्य शहाणा म्हणविला जात नाही. परंतु वाचणे, ऐकणे व ध्यानात ठेवणे हेही काम आहे, आणि तेही अन्नावर चालते, ही गोष्ट आपल्या सहसा लक्षात येत नाही. मूल बसलेले दिसते, म्हणून ते विश्रांती घेत आहे असे आपणांस वाटते.

वास्तविक पाहता, प्रौढ मनुष्याचा मेंदू वजनाने शरीराच्या शेकडा २ इतकाच असतो. पण मनुष्य स्वस्थ पडलेला असताना शरीर जेवढी शक्ती खर्च करते, तिच्यातील सुमारे शेकडा २० एकटा मेंदू घेतो. लहान मुलांत हा वाटा याहून पुष्कळच मोठा असतो, कारण मुलाचे शरीर लहान, परंतु मेंदू जवळजवळ पूर्ण वाढलेला आणि रात्रंदिवस नवे शिकण्याच्या कामात गुंतलेला असतो. मेंदूचे मुख्य इंधन म्हणजे रक्तातील साखर. ही साखर बाहेरून खाल्लेल्या गोडानेच मिळते असे नाही. भाकरी, भात, डाळ पचले म्हणजे त्यांतूनही ती हळूहळू रक्तात उतरते.

रात्री आपण जेवतो आणि निजतो. झोपेतही मेंदू काम करीतच असतो. त्या वेळी यकृतात साठविलेली शिदोरी थोडी थोडी खर्च होते. प्रौढाची शिदोरी मोठी, मुलाची लहान. म्हणून बापास जे दहा वाजेपर्यंत जाणवत नाही, ते मुलास आठ वाजताच जाणवू लागते. शरीर मेंदूस अगदी उपाशी ठेवीत नाही हे खरे. ते इतर भांडारे फोडून त्याचा निभाव करते. परंतु त्या खटपटीत थकवा येतो, चिडचिड होते, डोके दुखते, आणि मन फळ्यावरून उठून चुलीकडे जाते. गुरुजी विचारतात, “सात आठे किती?” आणि मूल मनात विचार करीत असते की, जेवणाची सुटी किती वेळाने होणार?

३. भूक दोन प्रकारची

एक भूक पोटास कळते. दुसरी भूक पोटास कळत नाही. तिला लपलेली भूक म्हणावे. पोट भाकरीने भरलेले असते, पण शरीरास जे थोडे थोडे विशेष पदार्थ लागतात ते त्यात नसतात. शिकण्याच्या दृष्टीने त्यांपैकी दोन फार महत्त्वाचे आहेत.

पहिला पदार्थ लोह. रक्ताचा तांबडा रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्यात लोह असते, आणि तेच द्रव्य प्राणवायू साऱ्या शरीरास व मेंदूस पोहोचविते. लोह कमी पडले म्हणजे रक्त फिके होते. त्यास पंडुरोग अथवा रक्तक्षय म्हणतात. असे मूल लवकर थकते, पेंगते, त्याचे लक्ष टिकत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, भारतात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा ६७ आणि १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ५९ यांच्या अंगी रक्त कमी आहे. म्हणजे ही चार-दोन घरांची गोष्ट नव्हे. खालची पापणी आतून फिकी दिसणे, जीभ व नखे पांढुरकी दिसणे, थोडे चालताच दम लागणे, आणि माती, खडू, भिंतीचे पोपडे खाण्याची इच्छा होणे, ही याची चिन्हे आहेत. माती खाणाऱ्या मुलास मारू नये. त्याचे रक्त तपासून घ्यावे.

लोह कमी होण्यास जंतही कारणीभूत होतात. अंकुशकृमी म्हणून एक जंत आहे; तो अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो, आतड्यास चिकटतो व रक्त पितो. जेथे लोक उघड्यावर शौचास बसतात, तेथील माती या जंताचे घर होय. म्हणून पायात वहाण, शौचास संडास, आणि जेवण्यापूर्वी साबणाने धुतलेले हात, हीसुद्धा अभ्यासाचीच साधने आहेत.

दुसरा पदार्थ आयोडीन. याचे प्रमाण अगदी कणभर लागते. पण आईच्या पोटात मूल असताना ते मिळाले नाही तर मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ते नुकसान पुढे भरून येत नाही. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. आयोडीनयुक्त मीठ घ्यावे, ते झाकणाच्या बरणीत ठेवावे, आणि गुरांसाठी आणलेले खडेमीठ माणसांच्या स्वयंपाकात वापरू नये.

४. अनुभव काय सांगतो

हे सर्व पुस्तकी तर्क आहेत की प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टी आहेत, असे कोणी विचारील. तर तीन देशांचे दाखले ऐका.

इंग्लंड देशात ब्रॅडफर्ड नावाचे लोकरीच्या गिरण्यांचे शहर आहे. तेथे मार्गारेट मॅकमिलन या बाईंनी गिरणी कामगारांच्या मुलांसाठी पुष्कळ खटपट केली. उपाशी मुलास सक्तीने शाळेत बसविणे म्हणजे त्याच्यावर जुलूम करणे होय, असे त्यांचे व त्यांच्या सोबत्यांचे म्हणणे होते. १९०६ साली तेथील पार्लमेंटाने शाळेत जेवण देण्याचा कायदा केला. १९०७ साली ब्रॅडफर्डच्या अधिकाऱ्यांनी काही मुलांस रोज न्याहारी व जेवण देऊन त्यांची वजने घेतली. वजने वाढली, मध्ये सुटी पडली तेव्हा ती घटली, शाळा उघडताच पुन्हा वाढली. सुटीत घरी काय मिळत होते, हे तराजूने सांगितले.

दुसरा दाखला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ तरुण स्वयंसेवकांस सुमारे सहा महिने निम्म्या अन्नावर ठेवले. हे तरुण युद्धात शस्त्र न धरणारे असून, आपल्या या कष्टाने उपासमारीतून उठलेल्या लोकांस कसे सावरावे हे जगास कळावे, एवढ्यासाठी ते स्वखुशीने पुढे आले होते. त्यांच्याविषयी एक गोष्ट फार ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बुद्धीच्या परीक्षा घेतल्या तेव्हा त्यांची बुद्धी कमी झालेली आढळली नाही; परंतु ते स्वतः सांगत की, पुस्तकात मन लागत नाही, रात्रंदिवस अन्नाचेच विचार येतात, थट्टामस्करी नकोशी वाटते. बुद्धी जाग्यावर होती. लक्ष मात्र गेले होते. आपण ज्यास मठ्ठ म्हणतो त्या मुलाचेही असेच तर नसेल?

तिसरा दाखला जमैका बेटाचा. तो आपल्या खेड्यांस सर्वांत जवळचा आहे. तेथील खेड्यांतल्या सोळा प्राथमिक शाळांतील आठशेहून अधिक मुलांची पाहणी झाली व तिचे फळ १९९८ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांस एक वर्षभर शाळेच्या दिवशी न्याहारी दिली. बाकीच्यांस दिली नाही. न्याहारी मिळालेली मुले थोडी अधिक वाढली, शाळेत अधिक दिवस आली, आणि त्यांच्यातील लहान वर्गांची मुले गणितात पुढे गेली. हा फरक डोळे दिपविणारा नव्हता, पण खरा होता.

त्याच बेटावर १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या तपासाने शिक्षकांस मात्र एक इशारा दिला आहे. जी शाळा नीट चाललेली होती, तेथे न्याहारी मिळताच मुले कामात अधिक लक्ष घालू लागली. परंतु जेथे वर्ग कोंदट, गर्दीचे व अव्यवस्थित होते, तेथे पोट भरलेली मुले अधिक गडबड करू लागली. याचा अर्थ असा की, अन्न शिकण्याची शक्ती देते. त्या शक्तीस वळण देण्याचे काम शिक्षकाचे आहे. पाटाला पाणी आले, पण वाफे बांधले नसले, तर ते पाणी कोठेही जाणार.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस येथे दानीएल व त्याचे तीन सोबती यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ते बाबेलच्या राजवाड्यात शिकावयास ठेवलेले तरुणच होते, आणि त्यांनी राजाच्या ताटातील पक्वान्ने नाकारून दहा दिवस साध्या शाकान्नावर राहून दाखविले. तो प्रसंग त्यांच्या विश्वासनिष्ठेचा आहे. तो आहारशास्त्राचा पुरावा म्हणून पुढे करू नये. तथापि शिकणाऱ्यास भारी अन्न लागत नाही, साधे व पुरेसे अन्न लागते, एवढे त्यातून सहज ध्यानात येते.

५. शाळेतील दुपारचे भोजन

आपल्या देशातही हा विचार नवा नाही. मद्रास शहराच्या कॉर्पोरेशनने १९२५ साली गरीब मुलांस शाळेत जेवण देण्यास आरंभ केला. कामराज मुख्यमंत्री असताना १९५६ च्या सुमारास मद्रास राज्याच्या खेड्यांपर्यंत ती सोय पोहोचली, आणि १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा मोठा विस्तार केला. साऱ्या भारतासाठी ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पहिल्याने महाराष्ट्रात शिजविलेले अन्न देत नसत. हजेरी नीट असलेल्या मुलास महिन्याला तीन किलो तांदूळ घरी देत. तो तांदूळ घरच्या हंड्यात जाई आणि मुलाच्या वाट्यास त्यातील एक घास येई. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेलेच अन्न द्यावे असा हुकूम केला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हा मुलांचा हक्क ठरला, आणि २०२१ पासून या योजनेस प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे नाव आहे. आपली मुले तिला नुसते ‘खिचडी’ म्हणून ओळखतात.

नियम असा आहे की, पहिली ते पाचवीच्या मुलास १०० ग्रॅम धान्य धरून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, आणि सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य धरून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावी. हे चांगले आहे. परंतु सात-आठ वर्षांच्या मुलाच्या दिवसभराच्या गरजेचा हा सुमारे चौथा हिस्सा होय. उरलेले तीन हिस्से घरचेच. शिवाय ही खिचडी दुपारी मिळते, आणि गणित व वाचन यांचे तास बहुधा सकाळी होतात. म्हणूनच तमिळनाडू राज्याने १५ सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही देण्यास आरंभ केला. ज्या गावी अशी सोय नाही तेथे ती उणीव घराने भरून काढली पाहिजे.

फडावर गेलेल्या कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. मुलाचे नाव गावच्या शाळेच्या हजेरीपटावर, आणि मूल मात्र अंकुशनगरच्या कोपीत, असे झाले तर गावची खिचडी त्यास मिळत नाही व येथलीही मिळत नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने कोणत्याही मुलास, वर्षाच्या मध्येही, जवळच्या सरकारी शाळेत प्रवेश मागता येतो. दाखला आला नाही एवढ्या कारणाने त्यास परत पाठविता येत नाही. म्हणून कोप उभारल्याच्या पहिल्या आठवड्यातच मुलाचे नाव जवळच्या शाळेत घालावे. ज्यांच्या गावी हंगामी वसतिगृहाची सोय आहे त्यांनी मुलास आजी-आजोबांपाशी ठेवून तिचा लाभ घ्यावा. तेथे मुलास सकाळ-संध्याकाळ जेवण मिळते व शाळाही मोडत नाही.

६. घरी काय करावे

आता मुख्य गोष्टीकडे वळू. “आम्हां गरिबांस हे कसे परवडणार?” असे पुष्कळांस वाटेल. तर हिशेब करून पाहा.

चहाचा एक पेला आणि चार लहान बिस्किटे यांत मिळून सव्वाशे-दीडशे उष्मांक व तीन ग्रॅमही प्रथिने नाहीत. तासाभरात त्याचा जोर ओसरतो. उलट एक ज्वारीची भाकरी, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा त्यांची चटणी, आणि मिळाल्यास वाटीभर ताक, इतक्यात सुमारे साडेतीनशे उष्मांक व दहा-बारा ग्रॅम प्रथिने मिळतात. ही न्याहारी हळू पचते आणि दुपारपर्यंत साथ करते. ज्वारी घरची किंवा शिध्याची, शेंगदाणे बाजारचे. रोजच्या बिस्किटाच्या पुड्याचे पैसे आठवडाभर जमविले तर शेंगदाण्यांस फारसे कमी पडत नाहीत.

म्हणून खालील गोष्टी घराघरांत व्हाव्या:

(अ) पहाटे भाकरी थापताना मुलाच्या वाट्याची भाकरी पहिल्याने निराळी काढावी, आणि ती कोठे ठेवली हे मुलास ठाऊक असावे. उरली तर मिळेल, असे होऊ नये. शिळी भाकरी ताकात कुस्करून खाल्ली तरी चालते. ती वाईट अन्न नव्हे.

(आ) धान्याबरोबर डाळ किंवा शेंगदाणे असावेच. नुसत्या धान्यात जे प्रथिन उणे असते ते डाळीत असते. दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. पिठले-भाकरी, मुगाची खिचडी, मटकीची उसळ, डाळीचे पीठ घातलेले धपाटे, हे आपल्या आज्यांनी शोधून ठेवलेले शहाणपण आहे. मटकी रात्री भिजवून फडक्यात बांधली की मोड आपोआप येतात. जे अंडी खातात त्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा मुलास अंडे द्यावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने असतात.

(इ) हिरवा पाला रोज पोटात जावा. हरभऱ्याची कोवळी पाने, शेपू, तांदुळजा, चवळई, शेवग्याचा पाला यांस पैसा थोडा लागतो, पुष्कळदा लागतही नाही. त्यावर लिंबू पिळावे किंवा बरोबर पेरू, आवळा, मोसंबी यांतील काही खावे. आंबट फळातील सत्त्वाने पाल्यातील लोह अंगी लागते. जालन्याची मोसंबी देशभर जाते. तिची एखादी फोड आपल्या मुलाच्याही वाट्यास यावी.

(ई) चहा जेवणाबरोबर देऊ नये. चहातील तुरट द्रव्य लोहास धरून ठेवते व अंगी लागू देत नाही. लहान मुलास चहा मुळीच नसला तर उत्तम. द्यावयाचाच तर जेवणानंतर तासाभराने द्यावा.

(उ) ऊस, रस व गूळ यांविषयी गैरसमज नसावा. ऊसाच्या मुलखात मूल दिवसभर कांडे चघळते आणि त्याचे पोट भरले असे वाटते. त्यात गोडी आहे. पण अंग बांधणारे प्रथिन जवळजवळ नाही. गुळाचा खडा शेंगदाण्यांबरोबर चांगला. जेवणाच्या जागी चांगला नव्हे. तीच गोष्ट दुकानातील खारट, कुरकुरीत पाकिटांची.

(ऊ) मुलगा व मुलगी यांची वाटणी सारखी असावी. सर्वांच्या मागून व सर्वांहून थोडे, हा मुलीच्या जेवणाचा नियम पुष्कळ घरी आजही चालतो. वाढत्या वयातील मुलीस मुलाहून लोह अधिक लागते, हे ध्यानात असू द्यावे. आणि जी मुलगी धाकट्यास भरविते, तिने स्वतः खाल्ले की नाही, हे आईने संध्याकाळी आवर्जून विचारावे.

(ए) पाणी व झोप विसरू नये. तहानलेल्या मुलाचे डोके दुखते, आणि निजेची उणीव कोणतीही न्याहारी भरून काढीत नाही.

परीक्षेच्या दिवशी काही विशेष खाऊ घालण्याची जरूर नाही. तेलकट व जड अन्नाने झापड येते. उपाशी गेल्याने हात कापतो. रोजचेच साधे अन्न वेळेवर द्यावे.

७. शिक्षकांनी व उपदेशकांनी काय करावे

पहिली गोष्ट, विचारावे. पण चारचौघांत विचारू नये. “आज कोण उपाशी आले आहे, हात वर करा,” असे म्हटले तर उपाशी मुलाचा हात वर होत नाही. गरिबीची लाज भुकेहून तिखट असते. मुलास जवळ बोलावून हळूच विचारावे.

दुसरी गोष्ट, शाळेत मिळणाऱ्या गोळ्यांविषयी पालकांची भीती दूर करावी. लहान वर्गांस गुलाबी व सहावीपासून पुढच्या मुलामुलींस निळी अशी लोहाची गोळी आठवड्यातून एकदा देण्याची योजना आहे, आणि वर्षातून दोनदा, फेब्रुवारी व ऑगस्टच्या सुमारास, जंताची गोळी देतात. लोहाची गोळी उपाशी पोटी घेतल्यास कित्येकांस मळमळते, आणि मग गावात अफवा उठते. जेवणानंतर घेतली म्हणजे हा त्रास बहुधा होत नाही. शौचास काळसर होते, त्यास भिऊ नये.

तिसरी गोष्ट, जे मूल नीट खाऊनही मागे पडते त्यास दवाखान्यात न्यावे. त्यास दूरचे दिसत नसेल, ऐकू कमी येत असेल, किंवा दुसरा काही आजार असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत तपासणीस येते, त्या दिवशी अशा मुलास मुद्दाम हजर ठेवावे.

चौथी गोष्ट, मंडळीने थोडा भार उचलावा. दर आठवड्यास घरटी मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे एका डब्यात जमविले, आणि ते सकाळच्या अभ्यासवर्गास येणाऱ्या सर्व मुलांस सारखेच वाटले, तर कोण गरीब व कोण सुखी हा प्रश्नच उरत नाही. मात्र ज्या मुलास शेंगदाणे खाताच अंगावर गांधी उठतात किंवा दम लागतो त्यास ते देऊ नये. आणि अगदी लहान मुलास अखंड दाणे न देता कूट द्यावे, कारण दाणा घशात अडकण्याचे भय असते.

८. दोन शंका

कोणी म्हणतात, “आम्ही उपाशीतापाशी राहूनच शिकलो.” तसे शिकलेले लोक आपल्यापुढे आहेत, आणि त्यांच्या धैर्यास मान दिला पाहिजे. परंतु त्यांच्या वर्गात बसलेली व शाळा सोडून गेलेली किती मुले भुकेमुळे गेली, हे सांगावयास ती मुले येथे नाहीत. दुष्काळात तग धरलेली चार ताटे पाहून कोणी शेतकरी पिकास पाणी नको असे म्हणत नाही.

दुसरे कोणी विचारतात, “बदाम व बाटलीतील पूड दिल्याने मूल हुशार होते काय?” कोणत्याही एका पदार्थाने मूल हुशार होत नाही. ज्यास पुरेसे व मिश्र अन्न मिळते त्यास महागड्या पुडीची जरूर नाही. ज्यास ते मिळत नाही त्यास पुडीपेक्षा भाकरी व डाळ अधिक उपयोगी पडेल. अन्न बुद्धी विकत देत नाही. जी बुद्धी मुलास जन्मतःच लाभली आहे तिचा अडथळा तेवढा दूर करते.

वाचकहो, सारांश इतकाच. मुलाविषयी निकाल देण्यापूर्वी त्याचे ताट पाहा. पहाटेच्या अंधारात काढून ठेवलेली एक भाकरी, मूठभर शेंगदाणे आणि “खाल्लेस का रे बाळा?” हा एक प्रश्न, यांत मोठा खर्च नाही. पण तेवढ्यावाचून कित्येक लेकरे शाळेच्या दारातून फडाकडे परत गेली आहेत. जी आज दारात उभी आहेत त्यांस आत बसविणे आपल्या हाती आहे.

मननासाठी प्रश्न

१. बसून शिकणाऱ्या मुलास अन्नाची जरूर का असते?
२. पोटाची भूक आणि लपलेली भूक यांत भेद काय? रक्त कमी असल्याची तीन चिन्हे सांगा.
३. मिनेसोटा येथील तरुणांच्या अनुभवावरून ‘मठ्ठ’ म्हटलेल्या मुलाविषयी आपण काय शिकावे?
४. शाळेत खिचडी मिळत असताही सकाळची न्याहारी का हवी?
५. ऊसतोडीस आलेल्या कुटुंबाने मुलाचे नाव जवळच्या शाळेत लगेच का घालावे?
६. उद्या सकाळी आपल्या घरातील प्रत्येक मुलास काय खावयास मिळेल, आणि ते कोण काढून ठेवील? हे आज रात्रीच ठरवा.